पीळ सोडवायला किती जोर लागतो? कायरल लिक्विड क्रिस्टलचे स्थितिस्थापकता स्थिरांक विद्युत क्षेत्राने मोजताना

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. कायरल लिक्विड क्रिस्टलचा, म्हणजे ज्यात रेणू मळसूत्रासारखे रचलेले असतात अशा द्रवाचा, पीळ मात्र जातो, आणि त्यासाठी काही जाळावं लागत नाही. दोन काचांच्या मध्ये थेंबभर पदार्थ भरायचा, दहा-बारा व्होल्ट द्यायचे आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. पीळ किती व्होल्टला सुटला हे कळलं की तो किती ताठ होता हेही कळतं. हे मोजमाप पहिल्यांदाच करायला बसणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. लिक्विड क्रिस्टलचा अनुभव नसला तरी चालेल, फक्त बारावीनंतरचं भौतिकशास्त्र विसरलेलं नसावं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढे सगळीकडे तीच आडवी येणार आहे. या प्रयोगात आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा व्होल्टेजमुळे नाही, लांबीमुळे. पिच (पिळाचा एक पूर्ण फेरा होतो ते अंतर) आणि काचांमधलं अंतर या दोन लांबी नीट मोजल्या तर साध्या उपकरणांनीही चांगलं उत्तर मिळतं. त्या ढिल्या राहिल्या तर कितीही महागडा मीटर उपयोगाचा नाही.

मोजायचं काय आहे

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनित्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजे लिक्विड क्रिस्टल, आणि हा पहिलाच नमुना कायरल जातीचा होता. म्हणूनच पीळदार अवस्थेला आजही कोलेस्टेरिक म्हणतात.

साध्या नेमॅटिक अवस्थेत लांबुडके रेणू सरासरीने एकाच दिशेला तोंड करून असतात. त्या दिशेला डायरेक्टर म्हणतात. कायरल पदार्थात एका पातळीवरचा डायरेक्टर खालच्या पातळीपेक्षा किंचित वळलेला असतो, त्याच्या वरचा आणखी थोडा. गोल जिन्याच्या पायऱ्या जशा एका खांबाभोवती फिरत वर जातात तसं हे मळसूत्र. डायरेक्टरचा ३६० अंशांचा पूर्ण फेरा जेवढ्या अंतरात होतो ते अंतर म्हणजे पिच. मात्र डायरेक्टरला डोकं-शेपूट नसतं. त्यामुळे अर्ध्या पिचनंतरच रचना पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डायरेक्टरला तीन प्रकारे छळता येतं: पंख्यासारखं पसरवून, पीळ देऊन किंवा वाकवून. प्रयोगशाळेत यांना स्प्ले, ट्विस्ट आणि बेंड असंच म्हणतात. चार्ल्स फ्रँक यांनी १९५८ मध्ये या तिन्हींचा हिशेब स्वच्छ मांडला, म्हणून त्यांच्या स्थिरांकांना फ्रँक स्थिरांक हे नाव पडलं. मी त्यांना के१ (पसरण), के२ (पीळ) आणि के३ (वाक) म्हणणार आहे. ते पिकोन्यूटनमध्ये मोजतात. ५सीबी या नेहमीच्या पदार्थासाठी २५ अंशांच्या आसपास ते अंदाजे ६.२, ३.९ आणि ८.२ पिकोन्यूटन येतात. पीळ तिघांत सगळ्यात मऊ, म्हणून तो मोजायलाही अवघड.

अवघड असण्याचं आणखी एक कारण आहे. नेहमीच्या सपाट सेलमध्ये (दोन काचांमध्ये पदार्थ भरलेल्या डबीत), जिथे विद्युत क्षेत्र काचेला लंब असतं, तिथे साध्या नेमॅटिकला व्होल्टेज देऊन शुद्ध पीळ घालता येत नाही. आधी पसरण आणि मग वाक येतो. कायरल पदार्थात पीळ मुळातच असतो. तो आपण घालायचा नाही, काढायचा.

एकच सूत्र

मळसूत्राच्या अक्षाला लंब असं विद्युत क्षेत्र लावलं आणि रेणूंना क्षेत्राच्या दिशेने उभं राहायला आवडत असलं, की रस्सीखेच सुरू होते. डायरेक्टरचे जे भाग आधीच क्षेत्राच्या दिशेला आहेत ते रुंदावतात आणि जे आडवे आहेत ते आक्रसून पातळ भिंतींसारखे होतात. क्षेत्र वाढवत गेलं की भिंती एकमेकींपासून दूर सरकतात, म्हणजेच पिच वाढतो, आणि एका ठरावीक क्षेत्राला, म्हणजे सीमाक्षेत्राला, पिच अनंत होतो. पीळ सुटला. हे गणित १९६८ मध्ये पिएर-जिल द जेन आणि रॉबर्ट मेयर यांनी मांडलं. त्यातून के२ साठी हे सूत्र निघतं:

के२ = ८.८५४ × परावैद्युत फरक × (सीमाक्षेत्र × पिच)² ÷ ९७.४

यातले ८.८५४ म्हणजे निर्वाताची परावैद्युतता (परमिटिव्हिटी), पिकोफॅरड प्रति मीटरमध्ये. परावैद्युत फरक म्हणजे डायरेक्टरच्या दिशेचा परावैद्युतांक वजा त्याला लंब दिशेचा. ९७.४ हा पायचा चौथा घात. सीमाक्षेत्र व्होल्ट प्रति मायक्रोमीटरमध्ये आणि पिच मायक्रोमीटरमध्ये घेतला की कंसातला गुणाकार थेट व्होल्टमध्ये येतो आणि उत्तर थेट पिकोन्यूटनमध्ये. दहाचे घात सांभाळत बसायची गरज नाही.

५सीबीचा परावैद्युत फरक २५ अंशांना ११ च्या आसपास असतो. ८.८५४ गुणिले ११ म्हणजे ९७.४! योगायोगाने वरचा आणि खालचा आकडा कटतो, आणि ५सीबीपुरतं सूत्र उरतं ते इतकंच: के२ म्हणजे सीमाक्षेत्र आणि पिच यांच्या गुणाकाराचा वर्ग. पिच १० मायक्रोमीटर असेल तर पीळ सुमारे ०.२ व्होल्ट प्रति मायक्रोमीटरला सुटायला हवा. मी नव्या विद्यार्थ्यांना हे तोंडपाठ करायला सांगतो. आकडा कुठे घसरला तर सेलपाशी उभं असतानाच कळतं.

सूत्रात वर्ग आहे हेही ध्यानात घ्या. पिच ५ टक्क्यांनी चुकला तर के२ १० टक्क्यांनी चुकतो. काचांमधल्या अंतराचंही तेच.

मिश्रण

सुरुवात ५सीबीनेच करा. तो सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअसदरम्यान नेमॅटिक असतो आणि त्याचे आकडे जगभर तपासलेले आहेत. त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे का हे लगेच पडताळता येतं. अनोळखी पदार्थावर पहिला प्रयोग करण्यात शहाणपण नाही. उत्तर वेगळं आलं तर पदार्थ वेगळा की हात चुकला हे कळायला मार्ग राहत नाही.

५सीबी स्वतः कायरल नाही. त्याला पीळ द्यायला कायरल डोपंट, म्हणजे थोड्या प्रमाणात घालायचा कायरल पदार्थ, मिसळायचा. एस८११ किंवा सीबी१५ सहज मिळतात. डोपंटची पीळ देण्याची ताकद ठरलेली असते आणि पिच त्याच्या प्रमाणाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: डोपंट दुप्पट, पिच निम्मा. १० मायक्रोमीटरच्या पिचसाठी एस८११ वजनाने सुमारे १ टक्का लागतो, सीबी१५ थोडा जास्त, दीड टक्क्याच्या आत-बाहेर. म्हणजे एक ग्रॅम ५सीबीत १० मिलिग्रॅम एस८११. तराजू ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा हवा. मिश्रण ४० अंशांपर्यंत गरम करा म्हणजे ते नितळ द्रव होईल, आणि त्याच अवस्थेत नीट ढवळा. गढूळ असताना ढवळलं तर डोपंट सगळीकडे सारखा पसरत नाही आणि एकाच सेलमध्ये दोन कोपऱ्यांत दोन पिच दिसतात.

पिच १० मायक्रोमीटरच का? त्याहून खूप लहान घेतला तर मायक्रोस्कोपखाली पट्टे नीट सुटे दिसत नाहीत आणि व्होल्टेजही फार लागतं. खूप मोठा घेतला तर सेल तितकीच जाड करावी लागते, मग रेणूंची मांडणी विस्कटते. ८ ते १२ चा पट्टा सोयीचा आहे.

पिच मोजणं

वजनावरून काढलेला पिच हा अंदाज. तो प्रत्यक्ष मोजायलाच हवा, आणि त्यासाठी पाचरीच्या आकाराच्या सेलसारखी दुसरी सोय नाही.

दोन काचांवर पॉलिइमाइडचा थर देऊन एकाच दिशेने घासून घ्या, म्हणजे रेणू त्या दिशेला आडवे झोपतील. काचा समोरासमोर ठेवा. एका कडेला त्या एकमेकींना टेकू द्या आणि १० मिलिमीटरवर ५० मायक्रोमीटरची पट्टी घाला. आता या पाचरीत मिश्रण भरलं की मळसूत्राला अर्ध्या-अर्ध्या पिचचे पूर्ण टप्पे तेवढे बसवता येतात, कारण दोन्ही काचांवरची दिशा ठरलेली आहे. जाडी वाढत जाते तसा एकेक टप्पा वाढतो आणि दोन टप्प्यांच्या सीमेवर एक बारीक रेषा उमटते. या ग्रांजां-कानो रेषा. लगतच्या दोन रेषांमध्ये जाडीचा फरक अर्ध्या पिचचा असतो. आपल्या पाचरीत, १० मायक्रोमीटर पिचला, रेषा एकमेकींपासून १ मिलिमीटरवर येतील.

पट्टीवर ५० लिहिलंय म्हणून कोन बरोबर असेलच असं मानू नका. पाचर रिकामी असतानाच सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात बघा. काचांमधल्या हवेमुळे समांतर काळे-पिवळे पट्टे दिसतील. दर पट्ट्यामागे जाडी अर्ध्या तरंगलांबीने वाढते. आता यातली गंमत बघा: पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीशी बांधलेलं, रेषांमधलं अंतर अर्ध्या पिचशी. मग कोन काढायची गरजच उरत नाही. भरलेल्या सेलमधल्या दोन रेषांच्या अंतरात रिकाम्या सेलचे जेवढे पट्टे बसतात, त्या संख्येला तरंगलांबीने गुणलं की पिच. सोडियमची तरंगलांबी ०.५८९ मायक्रोमीटर. १७ पट्टे बसले तर पिच १०.०. मला हे मोजमाप फार आवडतं, कारण यात विश्वास ठेवावा लागतो तो फक्त प्रकाशावर.

पट्टे सरळ आणि समान अंतरावर आहेत का तेही बघा. नसतील तर काच वाकली आहे. रेषा मोजताना पाचरीच्या पातळ बाजूला राहा. जाड बाजूला काही रेषा पूर्ण पिचच्या टप्प्याच्या असतात, आणि तिथे हिशेब दुप्पट चुकतो.

याच टप्प्यावर मी एकदा फसलो होतो. घाईत पाचर न करता सरळ मायक्रोस्कोपखालचे पट्टे मोजले आणि पट्ट्यांमधलं अंतर तोच पिच मानला. ५सीबीचा के२ १ पिकोन्यूटनच्या जवळ आला. दोन दिवस जोडण्या तपासण्यात गेले. मोजलेला होता अर्धा पिच. अर्ध्याचा वर्ग पाव, आणि ३.९ चा पाव जवळपास १. तेव्हापासून ते डोकं-शेपटीचं वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतं.

मुख्य सेल

पीळ सोडवायच्या सेलमध्ये रेणू काचेवर उभे हवेत, आडवे नाहीत. काचेला आतून आयटीओचा पारदर्शक, विजेला वाट देणारा थर असावा. काचा साबणाच्या पाण्याने, मग अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून वाळवा आणि त्यावर लेसिथिन किंवा डीएमओएपीचा पातळ लेप द्या. हा लेप रेणूभर जाडीचाच असतो, त्यामुळे व्होल्टेज त्यात अडकत नाही. पॉलिइमाइडचा थर त्यामानाने जाड असतो आणि टक्काभर व्होल्टेज खाऊन बसू शकतो.

काचांमध्ये ५० मायक्रोमीटरचे स्पेसर (अंतर राखणारे कण) घालून दोन कडा एपॉक्सीने बंद करा. भरण्याआधी रिकाम्या सेलची जाडी मोजायला विसरू नका. भरल्यावर ती संधी गेली. स्पेक्ट्रोमीटर असेल तर आरपार जाणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ती काढता येते. नसेल तर रिकाम्या सेलचा कपॅसिटन्स आणि इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ यांवरून काढा. सेलच्या तीन-चार ठिकाणी बघा. मिश्रण आणि सेल दोन्ही ४० अंशांवर गरम असताना थेंब कडेला ठेवा, तो आपोआप आत ओढला जातो.

थंड झाल्यावर काच उभी राहा म्हणते आणि पदार्थ वळू बघतो. या ओढाताणीत मळसूत्राचा अक्ष काचेला समांतर झोपतो आणि क्रॉस केलेल्या पोलरायझरमध्ये बोटांच्या ठशांसारखे वळणावळणाचे पट्टे दिसतात. त्याला नावही फिंगरप्रिंट असंच आहे. आपल्याला हेच हवं होतं: अक्ष आडवा, क्षेत्र उभं, म्हणजे एकमेकांना लंब. शिवाय या मांडणीत परावैद्युतांक बदलतो तो आडव्या दिशेनेच, त्यामुळे उभं क्षेत्र सगळीकडे सारखं राहतं आणि व्होल्टेज भागिले जाडी एवढा साधा हिशेब पुरतो.

व्होल्टेज

१ किलोहर्ट्झची साइन लहर वापरा. डीसी देऊ नका. पदार्थातले आयन इलेक्ट्रोडपाशी गोळा होऊन क्षेत्र झाकून टाकतात आणि नमुनाही खराब होतो. फार कमी वारंवारितेलाही आयनांमुळे द्रव घुसळायला लागतो.

सूत्रात जाणारं व्होल्टेज आरएमएस असतं. फंक्शन जनरेटर बहुधा शिखर ते शिखर आकडा दाखवतो, जो साइन लहरीत आरएमएसच्या २.८३ पट असतो. तोच सूत्रात घातला तर के२ आठपट येतो. दुसरा सापळा म्हणजे जनरेटरचं ५० ओहमचं सेटिंग. सेलचा रोध प्रचंड असतो, त्यामुळे त्या सेटिंगमध्ये प्रत्यक्ष व्होल्टेज दाखवलेल्याच्या दुप्पट असतं. म्हणून सेलच्या तारांवरच खरा आरएमएस मीटर लावा आणि तोच आकडा लिहा.

पीळ सुटताना बघणं

हॉट स्टेजवर (तापमान स्थिर ठेवणाऱ्या मंचावर) सेल २५ अंशांना स्थिर करा, चढउतार ०.१ अंशाच्या आत. व्होल्टेज सावकाश १५ पर्यंत न्या. पट्टे विरळ होतील, तुटतील, आणि शेवटी सगळं दृश्य काळं होईल: रेणू सगळे उभे, पीळ पूर्ण सुटलेला. काही मिनिटं तसंच राहू द्या.

आता व्होल्टेज कमी करत या. इथे नवख्याची गल्लत होते. १० व्होल्टच्या खाली आलं तरी काळोख तसाच राहू शकतो, कारण पिळाला पुन्हा सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागतं: धुळीचा कण, स्पेसरची कड. वर जाताना सुटण्याचं व्होल्टेज एक आणि खाली येताना पिळण्याचं दुसरंच. दोघांची सरासरी काढणं हा उपाय नव्हे.

त्याऐवजी असं करा. साधारण ८ व्होल्टला काळ्या पार्श्वभूमीवर एखाद्या स्पेसरपासून पांढरी, चमकदार बोटं वाढू लागतात. एक सुटं, सरळ बोट निवडा आणि त्याचं टोक आयपीसच्या मोजपट्टीवर आणा. व्होल्टेज थोडं वाढवा. टोक थबकेल, मग मागे सरकायला लागेल, अगदी संथ, गोगलगाय शिंगं आत घेते तसं. ०.१ ने कमी करा, पुन्हा पुढे येईल. असं मागे-पुढे करत ज्या व्होल्टेजला टोक पाच मिनिटं जागचं हलत नाही, तिथे पीळ आणि सरळपणा दोन्ही सारख्याच ऊर्जेचे असतात. तेच सीमाव्होल्टेज. ५० मायक्रोमीटरच्या सेलमध्ये, १० मायक्रोमीटर पिचला, ते १० व्होल्टच्या जरा आत यायला हवं. निदान पाच बोटांवर, सेलच्या वेगवेगळ्या भागांत, हे करा.

पिचचा आलेख काढूनही सीमाक्षेत्र मिळतं, असं अनेकांना वाटतं. मिळतं, पण सांभाळून. सीमाक्षेत्राच्या निम्म्या क्षेत्राला पिच जेमतेम १.२ टक्क्यांनी वाढतो. ९० टक्के क्षेत्राला पोचलं तरी वाढ विसेक टक्केच. सगळा खेळ शेवटच्या दहा टक्क्यांत होतो. म्हणून तिथे व्होल्टेजच्या पायऱ्या अगदी बारीक घ्या, प्रत्येक पायरीला काही मिनिटं थांबा आणि एक पट्टा न मोजता सलग वीस पट्ट्यांची रुंदी मोजून भागा.

काचेवरचे उभे रेणू पीळ सुटायला आपल्याला मदत करतात, हेही हिशेबात धरावं लागतं. सेल इतकी पातळ झाली की जाडी साधारण पिचएवढी असेल, तर क्षेत्र न लावताच पीळ सुटलेला राहतो. जाडी पिचच्या पाचपट असतानाही या मदतीचा थोडा अंश उरतो, आणि मोजलेलं सीमाक्षेत्र खऱ्यापेक्षा कमी भरतं. ३०, ५० आणि १०० मायक्रोमीटरच्या तीन सेल करा, सीमाक्षेत्राचा आलेख १ भागिले जाडीच्या विरुद्ध काढा आणि रेघ शून्यापर्यंत वाढवा. सूत्रात घालायचा आकडा तिथला.

परावैद्युत फरक, के१ आणि के३

हे डोपंट नसलेल्या ५सीबीवर करायचं. रेणू आडवे झोपवलेली, २० मायक्रोमीटरची सेल घ्या आणि एलसीआर मीटरने वाढत्या व्होल्टेजला कपॅसिटन्स टिपत जा. सुरुवातीचा सपाट भाग लंब दिशेचा परावैद्युतांक देतो, ५सीबीला सुमारे ७. वरच्या टोकाला कपॅसिटन्स १ भागिले व्होल्टेजच्या विरुद्ध मांडून रेघ शून्यावर नेली की दुसरा, सुमारे १८. मधे जिथे आलेख एकदम वर वळतो ते फ्रेडरिक्स सीमाव्होल्टेज, ५सीबीला ०.८ व्होल्टच्या जवळ, आणि:

के१ = ८.८५४ × परावैद्युत फरक × सीमाव्होल्टेज² ÷ ९.८७

इथे जाडी कटून जाते, पिच नाहीच. म्हणूनच के१ तिघांत सगळ्यात भरवशाचा. के३ त्याच आलेखाच्या वरच्या भागाला संगणकावर वक्र बसवून काढतात.

घाई इथेही नडते. सेलचा सैल होण्याचा काळ जाडीच्या वर्गाने वाढतो. २० मायक्रोमीटरच्या ५सीबीला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, पण सीमेपाशी तो ताणला जातो आणि सीमेच्या फक्त २ टक्के वर असताना तेरा-एक सेकंदांवर जातो. प्रत्येक वाचनाला निदान मिनिटभर थांबा, नाहीतर आलेखाचं वळण गोलसर होतं आणि सीमा कुठे धरायची ते कळत नाही.

कायरल मिश्रणाशी तुलना करताना दोन्हींचं तापमान सारखं ठेवणं पुरेसं नाही. डोपंटमुळे नितळ होण्याचं तापमान सरकतं, आणि हे सगळे स्थिरांक त्या तापमानाजवळ झपाट्याने घसरतात. आधी दोन्ही नमुन्यांचं नितळ होण्याचं तापमान टिपा, मग दोन्ही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर, उदाहरणार्थ १० अंश खाली, मोजा.

पडताळणीसाठी पीळदार आडवी सेलही करता येते. पिचशी जुळणारा नैसर्गिक पीळ असेल तर फ्रेडरिक्स सीमेच्या सूत्रातून के२ पूर्ण गळतो आणि फक्त के१ व के३ उरतात. ९० अंशांच्या पिळाला के१ च्या जागी के१ अधिक पाव के३ येतो. वक्र बसवून काढलेला के३ खरा की नाही हे तपासायला हा चांगला मार्ग आहे.

वाक पिळापेक्षा मऊ असेल तेव्हा

वरची सगळी पद्धत के३ मोठा असलेल्या नेहमीच्या पदार्थांची. सीबी७सीबीसारख्या डायमरमध्ये दोन ताठ तुकडे लवचीक साखळीने जोडलेले असतात आणि रेणू मुळातच वाकडा असतो. तिथे के३ घसरून पिकोन्यूटनच्याही खाली जातो, के२ पेक्षा लहान होतो. अशा कायरल मिश्रणात क्षेत्र लावलं की मळसूत्राचा अक्षच क्षेत्राच्या दिशेला उभा राहतो आणि डायरेक्टर त्याच्याभोवती तिरका, शंकूच्या कडेने फिरतो. ही तिरकी मळसूत्री अवस्था मेयर आणि द जेन यांनी १९६८ मध्येच भाकीत केली होती. ती प्रयोगात दिसायला २०१४ उजाडलं, अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात.

हिचं वागणं उलटं आहे. इथे क्षेत्र वाढवलं की पिच कमी होतो, क्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात. पिच दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा असल्याने सेल रंग परावर्तित करते आणि व्होल्टेज वाढवलं की तो लालकडून निळ्याकडे सरकतो. परावर्तित तरंगलांबीला सरासरी अपवर्तनांकाने भागलं की पिच. मग पिच गुणिले क्षेत्र हा गुणाकार व्होल्टमध्ये काढा आणि:

के३ = ८.८५४ × परावैद्युत फरक × (पिच × क्षेत्र)² ÷ ३९.५

मोजपट्टी नको, बोटं नकोत, एक स्पेक्ट्रोमीटर पुरतो. क्षेत्र आणखी वाढवत गेलं की रंग जातो आणि सगळे रेणू उभे राहतात. त्या वरच्या सीमेच्या क्षेत्राला के२ आणि के३ दोन्ही लागतात. के३ आता माहीत आहे, म्हणून के२ ही हाती येतो, मात्र त्यासाठी क्षेत्र नसतानाचा पिच पाचरीतून वेगळा मोजलेला हवा.

निदान आठ-दहा क्षेत्रांना तरंगलांबी टिपा आणि पिच विरुद्ध १ भागिले क्षेत्र असा आलेख काढा. रेघ सरळ आणि थेट शून्यातून जाणारी हवी. ती वाकत असेल तर क्षेत्र खालच्या सीमेपाशी आलं आहे आणि अक्ष पुन्हा आडवा पडू लागला आहे. ते बिंदू गाळा. ती सरळ असूनही शून्याच्या बाजूने जात असेल, तर मोजमापात कुठेतरी ठरावीक चूक शिरली आहे. मात्र सेलची जाडी चुकीची धरली असेल तर रेघ शून्यातूनच जाईल, फक्त तिचा चढ चुकेल, आणि आलेख बघून ती चूक कधीच कळणार नाही. रिकामी सेल हातात असतानाच जाडी दोनदा मोजा.